तळकापडाचा आधार

लॉग केबिन हा अमेरिकी क्विल्टचा प्रसिद्ध नमुना. मधोमध लहान चौकोन, बहुतेकदा लाल. त्याभोवती अरुंद पट्ट्यांचे फेरे: दोन बाजूंना फिक्या, दोन बाजूंना गडद. असे ब्लॉक जोडून क्विल्ट होतो. जुन्या क्विल्टमधला एखादा ब्लॉक उलटून पाहिला, तर पट्ट्यांच्या कडा सहसा दिसतच नाहीत. दिसतं ते साधं सुती कापड आणि त्यावरच्या टाक्यांच्या ओळी. हे तळकापड. नमुन्याच्या रंगांबद्दल पुष्कळ बोललं जातं, या कापडाबद्दल फार कमी. खरं तर कोणती चिंधी क्विल्टमध्ये येणार, हे तेच ठरवतं.

काम असं चालतं. चौकोन तळकापडाच्या मध्यावर टाचायचा. पहिली पट्टी त्यावर पालथी ठेवून कडेने शिवायची. शिवण पट्टी, चौकोन आणि तळकापड या तिन्हींतून जाते. मग पट्टी उलटून दाबायची, ब्लॉक फिरवायचा, दुसरी पट्टी घ्यायची. सुळसुळीत रेशीम, जाड लोकर, विरलेलं सुती, उरेब कापल्यामुळे ताणली जाणारी चिंधी, सगळ्यांना एका ब्लॉकमध्ये जागा मिळते, कारण ताण तळकापड सोसतं.

तळकापड नसेल तर पट्टी पट्टीलाच धरून राहते. मग कापताना उभा धागा सांभाळायचा आणि शिवणीची माया नेमकी पाव इंच ठेवायची. माया इंचाच्या सोळाव्या भागाने जास्त धरली, तर दोन्ही कापडांचं मिळून प्रत्येक शिवणीत इंचाचा आठवा भाग जातो. मधल्या चौकोनाच्या दोन्ही अंगांना चार-चार पट्ट्या म्हणजे आठ शिवणी. बारा इंचांचा ठरवलेला ब्लॉक अकरा इंचांचा भरतो, आणि शेजारच्या ब्लॉकशी त्याचं काही केल्या जुळत नाही.

तळकापडाची किंमतही मोजावी लागते. एक थर वाढतो, शिवणींशी कापड जाड होतं, हाताची सुई जड जाते. म्हणूनच जुन्या लॉग केबिन क्विल्टपैकी बरेच बारीक टाक्यांनी भरलेले नाहीत. ठिकठिकाणी दोरा ओवून गाठी मारल्या आहेत. बिनतळाचा क्विल्ट हलका, लवचीक, आणि त्यावर हवी तेवढी नक्षी टाकता येते.

अमेरिकेत हा नमुना 1860 च्या दशकात पसरला. लाकडी ओंडक्यांच्या खोपटात जन्मलेल्या अब्राहम लिंकनशी त्याचं नाव जोडलं जातं. फिक्या-गडद बाजू कशा मांडल्या, त्यावरून ‘बार्न रेझिंग’, ‘स्ट्रेट फरो’ अशी नावं पडली. म्हणजे धान्याचं कोठार उभारणं, नांगराचा सरळ तास. पळून जाणाऱ्या गुलामांना हे क्विल्ट खुणा म्हणून दाखवले जात, ही कथा 1999 मध्ये आलेल्या एका पुस्तकामुळे घरोघरी पोचली. इतिहासकारांना तिचा पुरावा सापडलेला नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या हातचं खरं काम इतकं थोर असताना अशा कथेची गरजही नाही.

ते काम अलाबामातल्या जीज बेंडमध्ये पाहावं. तिथे एकात एक चौकोन बसवण्याच्या पद्धतीला ‘हाउसटॉप’ म्हणतात. शेतात वापरून झिजलेली डेनिम थेट एकमेकींना जोडायची. रेषा वाकली तर वाकू द्यायची, कमी पडलं तिथे आणखी एक तुकडा घालायचा. पाव इंचाची शिस्त इथे कुणी मागितलीच नाही. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत हे क्विल्ट भिंतीवर लागले.

आयल ऑफ मॅन बेटावरच्या बायकांनी तर मोजपट्टीही बाजूला ठेवली. तळकापड वितीने मोजायचं, पट्ट्या बोटाच्या मापाने फाडायच्या, हाताने शिवायच्या. प्रत्येक पट्टीला मागे चुणी घालतात, त्यामुळे ऊब येते आणि कापसाचा थर लागत नाही.

आपल्या गोधडीतही तळाला जुनं लुगडं असतं, पण तिथे ब्लॉकच नाही. ठिगळं ठेवायची आणि धावदोरा घालत जायचं. ठिगळ बसवणं, थर बांधणं आणि नक्षी, तिन्ही कामं एकाच टाक्यात होतात. उत्तर कन्नडमध्ये राहणारे सिद्दी लोक, ज्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातून पळून आले, कवंद नावाची अशीच गोधडी शिवतात. कोपऱ्यापासून सुरुवात होते, शिवणारी चारही बाजूंनी फेरे घेत आत येते. लॉग केबिनमध्ये लाल चौकोन सर्वांत आधी बसतो. कवंदेत मधलं ठिगळ सर्वांत शेवटी.