मानवी होलोग्राम : तंत्र, खर्च आणि संमती

दिवंगत गायक रंगमंचावर गाताना दिसणे, एकच नेता एकाच वेळी अनेक गावांतील सभांत भाषण करताना दिसणे किंवा दूरदेशीचा वक्ता सभागृहात उभा असल्याचा भास होणे, या साऱ्यांना लोकव्यवहारात मानवी होलोग्राम म्हटले जाते. प्रत्यक्षात या प्रतिमांमागे तीन-चार निरनिराळी तंत्रे आहेत, आणि भौतिकशास्त्र ज्याला होलोग्राम म्हणते ते तंत्र त्यांपैकी बहुतेकांत नसतेच. प्रतिमेसाठी येणारा खर्चही तंत्रागणिक बदलतो. मात्र हयात नसलेल्या किंवा वयाने बदललेल्या माणसाच्या प्रतिमेच्या खर्चाची फोड केली असता असे आढळते, की पडदा आणि प्रकाश यांवर तुलनेने कमी पैसा लागतो आणि मोठा वाटा माणसाचा चेहरा, देह व आवाज नव्याने घडवण्यावर खर्ची पडतो.

खरा होलोग्राम

होलोग्राफीचा शोध डेनिस गॅबर या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने १९४७ मध्ये इंग्लंडमधील रग्बी येथे लावला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील प्रतिमा अधिक स्पष्ट कशी करावी, या प्रश्नावर काम करताना त्याला ही कल्पना सुचली. साध्या छायाचित्रात वस्तूवरून आलेल्या प्रकाशाची केवळ तीव्रता नोंदली जाते; त्या प्रकाशलहरी कोणत्या टप्प्यावर असताना फिल्मवर पोहोचल्या, म्हणजे त्यांची कला काय होती, ही माहिती हरवते आणि तिच्याबरोबर वस्तूची खोलीही हरवते. गॅबरने वस्तूवरून आलेला प्रकाश आणि थेट आलेला संदर्भप्रकाश एकाच फिल्मवर एकत्र आणले. दोन लहरी एकमेकींत मिसळल्या की कुठे त्यांचा प्रभाव वाढतो, तर कुठे त्या एकमेकींना खोडून काढतात. या क्रियेला व्यतिकरण म्हणतात, आणि तिच्यामुळे उमटलेल्या अतिसूक्ष्म रेषांच्या जाळ्यात तीव्रता व कला या दोन्ही गोष्टींची नोंद राहते. पुढे त्या फिल्मवर तसाच प्रकाश टाकला असता मूळ लहर पुन्हा उभी राहते आणि पाहणाऱ्याने डोके बाजूला नेले, तर त्याला वस्तूची बाजूही दिसते. या तंत्रासाठी लहरींचा मेळ टिकवून धरणारा प्रकाश लागतो. तो १९६० मध्ये लेसरच्या रूपाने मिळाला, त्यानंतर अमेरिकेत एमेट लीथ व ज्युरिस उपाटनिक्स यांनी आणि सोव्हिएत संघात युरी डेनिस्युक यांनी हे तंत्र विकसित केले, आणि १९७१ मध्ये गॅबरला भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

माणसाचा असा होलोग्राम घेणे मात्र अवघड असते. व्यतिकरणाच्या रेषा प्रकाशाच्या तरंगलांबीइतक्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म असल्यामुळे नोंद होत असताना श्वासाने छाती किंचित हलली, तरी चित्र बिघडते. त्यामुळे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच झळकणारा माणिक लेसर वापरून मानवी व्यक्तिचित्रे घेण्यास प्रारंभ झाला. त्या लाल प्रकाशात त्वचा मेणासारखी दिसे आणि चित्र अर्थातच स्थिर असे. हलता होलोग्राम घडवण्यातील अडचण तर साध्या हिशेबाने कळते: एक मीटर लांब व एक मीटर रुंद पडद्यावर अर्ध्या मायक्रॉनच्या अंतराने बिंदू मांडायचे झाल्यास सुमारे ४ लाख कोटी बिंदू लागतील, तर घरातील ४-के दूरचित्रवाणी संचावर ते जेमतेम ८३ लाख असतात. हालणारा-बोलणारा, पूर्ण उंचीचा माणूस खऱ्या होलोग्राफीने रंगमंचावर आणणे आजही व्यवहारात शक्य झालेले नाही.

रंगमंचावरील आभास

रंगमंचावर जे दिसते त्याचे मूळ होलोग्राफीच्या आधीचे, १८६२ सालचे आहे. हेन्री डर्क्स या अभियंत्याच्या कल्पनेत सुधारणा करून जॉन हेन्री पेपर यांनी त्या वर्षीच्या डिसेंबरात लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत चार्ल्स डिकन्स यांच्या एका कथेच्या प्रयोगात भूत अवतरवून दाखवले, आणि तेव्हापासून ही युक्ती ‘पेपरचे भूत’ म्हणून ओळखली जाते. रात्री धावणाऱ्या एसटीच्या खिडकीत आतल्या प्रवाशाचा चेहरा बाहेरच्या अंधारात तरंगताना दिसतो, त्यामागचे तत्त्वच इथे उपयोगात येते: काच पारदर्शक असली तरी थोडा प्रकाश परावर्तित करते, आणि तिच्यामागे अंधार असला की ते प्रतिबिंब उठून दिसते. पेपर यांच्या प्रयोगात प्रखर प्रकाशातला नट प्रेक्षकांच्या नजरेआड, रंगमंचाच्या खालच्या खड्ड्यात असे आणि तिरक्या काचेतले त्याचे प्रतिबिंब मंचावरच्या नटांमध्ये वावरताना दिसे.

आजच्या मांडणीत अवजड काचेची जागा प्लास्टिकच्या अतिशय पातळ, पारदर्शक पटलाने घेतली आहे. हे पटल मंचाच्या पूर्ण रुंदीवर ४५ अंशांच्या कोनात ताणून बसवतात. त्यावर एखादी सुरकुती राहिली, तरी प्रतिमेचा हात किंवा चेहरा तेवढ्या जागी वाकडा दिसतो, म्हणून कडेच्या चौकटीवर सर्व बाजूंनी सारखा ताण देण्यात तंत्रज्ञांचा बराच वेळ जातो. प्रोजेक्टरमधून निघालेले चित्र आधी जमिनीलगतच्या पांढऱ्या पृष्ठभागावर पडते आणि तेथून पटलात परावर्तित होऊन प्रेक्षकांना मंचाच्या मध्यावर उभे दिसते. मूळ चित्रीकरण काळ्या पार्श्वभूमीवर, कॅमेरा न हलवता आणि पावलांसह पूर्ण देह चौकटीत ठेवून करावे लागते. काळ्या भागातून प्रकाशच येत नसल्यामुळे तो पटलावर अदृश्य होतो. साहजिकच काळा कोट घातलेला वक्ताही अंधारात विरून जातो, म्हणून त्याच्या खांद्यांवर व केसांवर मागून प्रकाश टाकून देहाची कड उजळावी लागते. इतके करूनही प्रतिमा सपाटच राहते, आणि प्रेक्षक समोरून व दुरून पाहत असल्यामुळे तिचा सपाटपणा त्याच्या लक्षात येत नाही.

एप्रिल २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील कोचेला संगीत महोत्सवात १९९६ मध्ये हत्या झालेला रॅप गायक तुपाक शकूर ‘गाताना’ दिसला, तो याच पद्धतीने. ते जुने चित्रीकरण नव्हते. डिजिटल डोमेन या कंपनीने संगणकावर त्याची नवी प्रतिमा घडवली आणि एव्ही कन्सेप्ट्स या कंपनीने ती मंचावर दाखवली. अशा कामाला एक लाख ते चार लाख डॉलरहून अधिक, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे अर्धा कोटी ते दोन कोटी रुपये लागतात, असे त्या वेळी सांगण्यात आले, आणि प्रेक्षकांना प्रतिमा दिसली ती जेमतेम काही मिनिटे.

जिवंत वक्त्याच्या बाबतीत चेहरा घडवावा लागत नाही, म्हणून खर्चाचे स्वरूप बदलते. गुजरात विधानसभेच्या २०१२ च्या निवडणुकीत नरेंद्र मोदी यांचे भाषण याच तंत्राने एकाच वेळी ५३ ठिकाणी दाखवण्यात आले आणि त्याची नोंद गिनेस विक्रमांत झाली. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत हाच प्रयोग देशभर झाला. येथे वक्त्याचे चित्रीकरण एकदाच होते, परंतु पटल, प्रोजेक्टर, ध्वनियंत्रणा, प्रक्षेपण ग्रहण करणारी साधने आणि तंत्रज्ञांचे पथक प्रत्येक गावी न्यावे लागत असल्यामुळे ठिकाणांची संख्या वाढेल तसा खर्चही वाढत जातो.

उघड्या जागेतील प्रतिमेच्या अडचणी आणखी वेगळ्या असतात. दिल्लीत इंडिया गेटजवळच्या छत्रीखाली २३ जानेवारी २०२२ रोजी सुभाषचंद्र बोस यांची जी प्रतिमा उभारण्यात आली, ती २८ फूट उंच व ६ फूट रुंद होती. तिच्यासाठी ९० टक्के पारदर्शक पडदा आणि ३० हजार ल्यूमेन क्षमतेचा प्रोजेक्टर वापरला होता. ल्यूमेन हे प्रकाशाच्या प्रमाणाचे एकक असून घरगुती एलईडी दिवा साधारण ८०० ते १,००० ल्यूमेन प्रकाश देतो, यावरून त्या यंत्राच्या ताकदीची कल्पना येते. अशी प्रतिमा दिसण्यासाठी अंधार लागतो आणि पडदा स्थिर राहण्यासाठी वारा पडलेला असावा लागतो. ही व्यवस्था प्रारंभापासूनच तात्पुरती होती, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्या जागी ग्रॅनाइटचा पुतळा उभा राहिला.

देह टिपणे आणि घडवणे

सपाट चित्राऐवजी माणसाचा घनाकार टिपायचा असेल, तर त्याच्याभोवती कॅमेऱ्यांचे कडे उभारतात. मायक्रोसॉफ्टच्या या प्रकारच्या स्टुडिओत १०६ कॅमेरे असत; त्यांतील निम्मे रंग टिपत आणि निम्मे अवरक्त किरणांच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या, साहाय्याने पृष्ठभागाचे अंतर मोजत. संगणक या सर्व चित्रांवरून दर क्षणाची त्रिमितीय आकृती तयार करतो आणि ती मोबाइलवर, विशेष चष्म्यातून किंवा पडद्यावर हव्या त्या बाजूने पाहता येते. सैल केस, पातळ ओढणी, चष्म्याची काच आणि चकाकणारे दागिने या गोष्टी अशा यंत्रणेला सर्वाधिक त्रास देतात, कारण प्रत्येक कॅमेऱ्याला त्या वेगळ्या दिसतात.

या शास्त्राचा गंभीर उपयोग अमेरिकेतील यूएससी शोआ फाउंडेशनने केला आहे. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या पिंकस गटर यांच्यासारख्या वृद्धांना शेकडो प्रश्न विचारून त्यांची उत्तरे अनेक कॅमेऱ्यांनी टिपण्यात आली, आणि आता संग्रहालयात आलेल्या मुलाने प्रश्न विचारला की संगणक त्यातले योग्य उत्तर शोधून दाखवतो. येथे नवे वाक्य रचले जात नाही; ऐकू येते ते त्या व्यक्तीने स्वतः दिलेले उत्तर.

खर्चाच्या दुसऱ्या टोकाला स्वीडिश गायकवृंद ॲबाचा लंडनमध्ये २७ मे २०२२ रोजी सुरू झालेला ‘ॲबा व्हॉयेज’ हा कार्यक्रम आहे. सत्तरीच्या घरातील चारही कलावंतांनी स्टॉकहोममध्ये पाच आठवडे, हालचाली टिपणारे पोशाख घालून, १६० कॅमेऱ्यांसमोर गाणी सादर केली. तरुण नर्तकांच्या हालचालींचीही जोड घेण्यात आली आणि इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीने त्यांवरून सत्तरच्या दशकातील त्यांची तरुण रूपे उभी केली. येथे पेपरचे पटल नाही. साडेसहा कोटी बिंदूंचा प्रचंड एलईडी पडदा आहे. पडद्यातील दिव्यांशी सभागृहातील खऱ्या दिव्यांचा मेळ घातलेला असल्यामुळे आणि वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवत असल्यामुळे चित्र कोठे संपते व मंच कोठे सुरू होतो, हे डोळ्याला ठरवता येत नाही. खास बांधलेल्या सभागृहासह या प्रकल्पाचा खर्च १४ कोटी पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे साडेतेराशे कोटी रुपये, असल्याचे सांगितले गेले. एवढी रक्कम वसूल होण्यासाठी कार्यक्रम एकाच जागी वर्षानुवर्षे चालवावा लागतो. फिरत्या दौऱ्याला हे गणित परवडत नाही.

कार्यालये व दुकाने यांच्यासाठी याहून लहान साधने आहेत. प्रोटो या अमेरिकी कंपनीच्या माणसाएवढ्या पेटीत पुढे पारदर्शक पडदा व मागे उजळलेली पांढरी पोकळी असते, आणि पावलांशी दाखवलेल्या सावलीमुळे माणूस पेटीत उभा असल्यासारखा वाटतो. २०२० मध्ये या पेटीची किंमत सुमारे ६० हजार डॉलर होती. गूगलच्या तंत्रावर आधारलेला एचपी कंपनीचा ‘डायमेन्शन’ हा संच २०२५ मध्ये २४,९९९ डॉलरना, म्हणजे सुमारे २१ लाख रुपयांना जाहीर झाला. त्यातील सहा कॅमेरे समोरच्या माणसाची त्रिमितीय आकृती तयार करतात आणि ६५ इंची पडदा प्रत्येक डोळ्याला किंचित निराळे चित्र दाखवत असल्यामुळे चष्म्याविनाही खोली जाणवते. त्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना मात्र वेगळा घ्यावा लागतो.

खर्चातील न दिसणारा भाग

या सर्व उदाहरणांवरून खर्चाचा क्रम लावता येतो. जिवंत माणसाचे सरळ चित्रीकरण करून ते पटलावर दाखवणे सर्वांत स्वस्त असून त्यात मुख्य भार साधनांच्या भाड्याचा व वाहतुकीचा असतो. घनाकार टिपणे त्याहून महाग पडते. आणि हयात नसलेल्या किंवा वयाने बदललेल्या माणसाला पुन्हा घडवणे सर्वांत महाग, कारण त्यासाठी देहयष्टीने जुळणारा नट, चेहऱ्याचे स्नायू हलवणारे कलाकार, आवाजाचे संस्करण आणि शेकडो तासांचे संगणकीय काम लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नेमका हाच महाग भाग झपाट्याने स्वस्त होत आहे. आजवर अफाट खर्च हाच गैरवापरातील अडसर होता. तो दूर झाल्यावर परवानगीचा प्रश्न ऐरणीवर येतो.

तुपाकच्या प्रतिमेसाठी त्याच्या आईची संमती घेण्यात आली होती, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार दिवंगत प्रसिद्ध व्यक्तीच्या चेहऱ्याच्या व आवाजाच्या व्यापारी वापरावर तिच्या वारसांचा हक्क मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील सादरकर्त्याचे हक्क ५० वर्षे टिकत असले, तरी ते प्रत्यक्ष झालेल्या सादरीकरणापुरते असतात. संगणकाने नव्याने रचलेल्या गाण्याला ते थेट लागू होतात असे म्हणता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करण्यास मनाई केली, परंतु ते हयात कलावंताचे प्रकरण होते. सुशांतसिंह राजपूत यांच्याविषयीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये असे मत नोंदवले, की असे व्यक्तिगत हक्क व्यक्तीबरोबरच संपतात.

म्हणजे ज्यांची प्रतिमा घडवण्याचा मोह सर्वाधिक होतो, त्या दिवंगत कलावंतांनाच आपल्याकडे सर्वांत कमी संरक्षण आहे. आपल्या मृत्यूनंतर आपला चेहरा व आवाज कोणी, कशासाठी आणि किती काळ वापरावा, याची लेखी नोंद कलावंतांनी हयातीतच करून ठेवणे आणि ती नोंद वारसांना व निर्मात्यांना बंधनकारक ठरेल असा कायदा संसदेने करणे, या दोन्ही गोष्टी आता लांबणीवर टाकण्याजोग्या राहिलेल्या नाहीत.