जहाजमहालाचे पाणी आणि कपडे धुण्याचे यंत्र

आमच्या घरी कपडे धुण्याचे स्वयंचलित यंत्र आले तेव्हा नारळ फोडून त्याचे स्वागत झाले. जुन्या न्हाणीघरातील तोटीला नळी जोडली. यंत्रात बारीक धार पडली आणि थोड्याच वेळात यंत्र थांबले. महिनाभर आम्ही दुकानदाराला दूषणे दिली. आई मात्र पूर्वीसारखीच मोरीत वाकून कपडे आपटीत होती. वस्तुतः दोष यंत्राचा नव्हता. आम्हीच घरातल्या पाण्याचा विचार केला नव्हता. तो कसा करावा, हे पुढे मांडूच्या सहलीत उमगले.

पवारांच्या धार संस्थानामुळे मराठी माणसाला परिचित असलेले मांडू विंध्याच्या पठारावर वसले आहे. तेथे मुंज आणि कपूर या तलावांमध्ये जहाजमहाल उभा आहे. तो ग्यासुद्दीन खिलजीच्या कारकिर्दीत (१४६९–१५००) बांधला गेला असे मानतात. तलाव खाली, पण स्नानाचा हौद छतावरही! पाणी आधी वर चढवायचे आणि मग उताराने खेळवायचे, ही त्यामागची युक्ती.

हाच पहिला नियम. पाण्याला दाब मिळतो तो उंचीमुळे. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. अनेक स्वयंचलित यंत्रांना निदान ०.३ किलो, म्हणजे ३ मीटर उंची लागते. आमच्या टाकीचा तळ तोटीपासून जेमतेम दीड मीटर वर होता. त्यातच जुना लोखंडी नळ आतून गंजून अरुंद झालेला. म्हणून यंत्र जोडण्यापूर्वी तोटीखाली बादली ठेवून ती किती वेळात भरते हे घड्याळ लावून पाहावे.

दुसरा नियम गाळाचा. जहाजमहालाच्या छतावर हौदाकडे जाणारी पन्हळ सरळ नाही, ती चक्राकार वळते. वळणावळणाने पाण्याचा वेग मंदावतो, गाळ मागे राहतो. यंत्राच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी हेच काम करते. ती वरचेवर काढून धुवावी.

तिसरा नियम निचऱ्याचा. सांडपाण्याची नळी सरळ जमिनीवर टाकली तर वक्रनलिकेच्या तत्त्वाने आत आलेले पाणी तसेच वाहून जाते. म्हणून नळीचा वरचा बाक माहितीपत्रकात सांगितलेल्या उंचीवर, साधारणतः कमरेइतका, बांधावा. मोरीच्या नळात ती घट्ट कोंबू नये. हवेला वाट ठेवावी.

अखेर आम्ही टाकी २ मीटर उंच चौथऱ्यावर चढवली आणि गंजलेला नळ बदलला. यंत्राच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ होता. पहिल्या दिवशी आई पदराला हात पुसत यंत्रापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "एवढंच होतं, तर महिनाभर का थांबलात?" आम्हा शिकलेल्यांपाशी याचे उत्तर नव्हते.