मिठाची आणि पाण्याची जबानी

सिंगापुरातील बुकित पंजांग येथील एखाद्या मराठी घरी वरणात मीठ पडते आणि क्षणात दिसेनासे होते. परंतु जे दृष्टीआड झाले ते नष्ट झाले असे मानणे सर्वथा भ्रामक आहे, कारण मिठाचे सोडियम व क्लोराइड हे विद्युतभारित आयन विलग होऊन प्रत्येकजण आपल्याभोवती जलरेणूंचे वलय धारण करतो. या वलयाची जबानी घेण्याचे साधन म्हणजे 1800 साली विल्यम हर्शेल यांना गवसलेले अवरक्त किरण होत.

जलरेणूतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंध अखंड स्पंदत असतो. शेजारच्या रेणूशी जडलेला हायड्रोजन-बंध जितका दृढ, तितकी या स्पंदनाची वारंवारता खालावते, आणि तो शिथिल झाला की ती वर चढते. म्हणूनच 3400 प्रतिसेंटिमीटरच्या आसपास आढळणारा पाण्याचा शोषणपट्टा आयोडाइडच्या सान्निध्यात वर, तर फ्लोराइडच्या सान्निध्यात खाली सरकतो. मात्र येथे पाणी किरण इतके शोषते, की अत्यंत पातळ थरच तपासावा लागतो. निकट-अवरक्त प्रदेशात ही अडचण पुष्कळ कमी होते.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी हीच वाट धरली आणि धनायन व ऋणायन यांच्या वलयांतील पाण्याचे हायड्रोजन-बंध निरनिराळे ओळखता येतात, हे 2016 साली दाखवून दिले.

समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या सिंगापुरास या ज्ञानाचे मोल निराळे सांगावयास नको: सूक्ष्म पटलातून पाणी पार होते व आयन मागे अडतो, त्याच्या कारणांपैकी एक हे वलयच आहे.