कुरवांना परतीची वेळ कशी कळते?

वेळणेश्वरसारख्या कोकणातल्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात तपकिरी डोक्याचे कुरव येतात. नाव तपकिरी डोक्याचे, पण तेव्हा डोके पांढरे असते. डोळ्यामागे एक गडद ठिपका तेवढा दिसतो. उन्हाळा जवळ आला की डोके तपकिरी होऊ लागते आणि पक्षी लडाख-तिबेटच्या सरोवरांकडे वीण करण्यासाठी निघतात. तिकडचे बर्फ वितळू लागल्याची वार्ता कोकणात कोण देते?

वार्ता देते ते दिनमान. वेळणेश्वरला डिसेंबरअखेर दिवस सुमारे ११ तास ५ मिनिटांचा, तर जूनमध्ये १३ तास १० मिनिटांचा असतो. मार्चमध्ये तो रोज जेमतेम एका मिनिटाने वाढतो. एवढे बारीक मोजायचे तर घड्याळ हवेच.

ते असल्याचा पुरावा हॅम्नर यांनी १९६३ साली दिला. हाउस फिंच पक्ष्यांना त्यांनी दर वेळी ६ तासच उजेड दिला, पुढचा अंधार मात्र कमीजास्त ठेवला. उजेड-अंधाराचे चक्र २४, ४८ वा ७२ तासांचे असता नरांची वृषणे वाढली नाहीत. ३६ आणि ६० तासांच्या चक्रात वाढली! एकूण उजेड तर ३६ तासांच्या चक्रात २४ पेक्षा कमीच. मग असे का? अंधारातही पक्ष्याचे घड्याळ सुमारे २४ तासांनी फिरत राहते. ३६ तासांच्या चक्रात दर दुसरा उजेड त्याच्या 'रात्री' पडतो, आणि मेंदू समजतो की दिवस मोठा झाला.

हे घड्याळ कुठे असते? गॅस्टन व मेनाकर यांनी १९६८ मध्ये चिमण्यांची पिनिअल ग्रंथी काढली, तेव्हा सततच्या अंधारात त्यांच्या हालचालींची दैनंदिन लय हरपली. १९७९ मध्ये दुसऱ्या चिमणीची ग्रंथी डोळ्यात बसवताच लय परतली, तीही दात्या चिमणीच्या वेळेनुसार.

त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे ऋतू ओळखायला पक्ष्याला डोळे लागत नाहीत. मंद प्रकाशातल्या चिमण्यांच्या टाळूच्या कातडीखाली काळी शाई टोचली, तर डोळे उघडे असूनही वृषणे वाढली नाहीत. उजेड कवटीतून थेट मेंदूत पोचतो. जपानी लाव्यांत २००३ साली दिसले की मोठ्या दिवसाने मेंदूच्या तळाशी थायरॉइड संप्रेरक क्रियाशील होते आणि प्रजननाची साखळी सुरू होते.

कुरवातही असेच घडत असावे, हे अनुमान. हवामान तापले तर बर्फ लवकर वितळेल. दिनमान मात्र तसूभरही बदलणार नाही. तेव्हा कुरव वेळेवर पोचतील का? कॅलेंडरातल्या सूर्योदय-सूर्यास्तावरून मुलांना दिनमान काढता येते. शेजारी पहिले तपकिरी डोके दिसल्याची तारीख दरवर्षी लिहीत जावी.