घरगुती मलम : जलांश, द्रव्य व स्थान यांचा विचार

वनस्पती औषधी आहे म्हणून ती त्वचेवर लावण्यास निर्धोकच असणार, असा समज समाजात दृढ आहे. कोरफडीचा ताजा गर अथवा कडुनिंबाचा वाटलेला पाला तेल-मेणात कालवून केलेले मलम भेगांना किंवा इसबाला लावून, त्रास वाढल्यावर रुग्ण वैद्याकडे येतो. अशा वेळी मलमात काय घातले एवढेच विचारून भागत नाही; ते कसे केले व कोठे लावले, हेही विचारावे.

जलांश : शुद्ध तेलात व मेणात जीवाणू सहसा वाढत नाहीत. पाण्याचा अंश राहिला, की बुरशी व जीवाणूंना आश्रय मिळतो. स्नेहकल्पनेत कल्क १ भाग, स्नेह ४ भाग व द्रव १६ भाग घेऊन जलांश आटेपर्यंत पाक करावा, असा दंडक आहे. कल्काची वात वळावी व अग्नीवर धरल्यास ती तडतडू नये. तैलपाकात फेस यावा, घृतपाकात तो शमावा. ही सिद्धिलक्षणे पाहूनच तेल गाळावे व ते गरम असताना मेण विरघळवावे. सिक्थतैलासाठी १ भाग मेणास ५ ते ६ भाग तेल घेतात. मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते; त्यामुळे तेल पुन्हा कढवू नये. बरणी कोरडी असावी व मलम कोरड्या चमच्यानेच काढावे.

द्रव्य : बावचीतील सोरालेन त्वचेवर असताना ऊन लागल्यास दाह, फोड व नंतर काळे डाग उद्भवतात. बिब्ब्याच्या तेलाने तीव्र त्वचाशोथ होतो. ही दोन्ही द्रव्ये घरगुती मलमात वर्ज्य समजावीत. कोरफड कापल्यावर निघणारा पिवळा चीक क्षोभक असतो. तो निथळू देऊन मगच गर घ्यावा. हळदीच्या चूर्णात शिशाच्या रंगाची भेसळ आढळते. म्हणून अखंड हळकुंड आणून कुटावे.

स्थान : मातीतील धनुर्वाताच्या जीवाणूंचे बीजाणू मुळ्या-पाल्यासोबत येतात व साध्या उकळीने त्यांचा नाश होईलच असे नाही. म्हणून घरगुती मलम उघड्या व्रणावर, भाजलेल्या जागी अथवा मधुमेही रुग्णाच्या पायावरील जखमेवर लावू देऊ नये. अखंड त्वचेवरही प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडे लावून ४८ तास निरीक्षण करावे. लाली, खाज वा पुरळ आल्यास ते धुऊन काढावे.

औषधालयचालकांनी एक मर्यादा ध्यानी ठेवावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये विक्रीसाठी आयुर्वेदिक औषध निर्माण करण्यास परवाना आवश्यक आहे. वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी केलेल्या औषधास यातून सूट आहे. ती सूट दुकानातील विक्रीस लागू होत नाही. रुग्णासाठी केलेल्या मलमाच्या बरणीवरही घटकद्रव्ये व निर्मितीची तारीख लिहावी. उपद्रव झालाच, तर कारण शोधण्यास तीच नोंद उपयोगी पडते.