पीसीएम की पीसीबी? नागोयात दोन्ही चालते!



मंडळाच्या कार्यक्रमाला जमलो की चहाच्या वेळी दोन प्रश्न हमखास निघतात. एक, "मुलीला बायॉलॉजी आवडते, गणितही छान आहे, मग अकरावीला काय घ्यायचे?" दुसरा, बायोटेक शिकून इथे आलेल्या वहिनींचा, "इथे पुढे काही करता येईल का?" आम्ही पडलो संगणकवाले. बारावीला पीसीएम घेतले तेव्हा बेडकाचे चित्र काढणे सुटले याचाच आनंद झाला होता! पण आपल्याच शहरात या दोन शाखांमधली भिंत कशी पाडली जाते ते वाचले आणि वाटले, सगळ्यांना सांगावे.

आधी शब्द समजून घेऊ

पेशीतल्या जनुकांची यादी हाती आली म्हणजे पेशी कळली असे होत नाही. सुट्या भागांची यादी वाचून गाडी चालवता येते का? सगळे भाग एकत्र कसे चालतात ते गणित आणि संगणकाच्या मदतीने पाहणे म्हणजे सिस्टिम्स बायॉलॉजी. या विषयाचे एक प्रणेते हिरोआकी कितानो हे मूळचे संगणकशास्त्रज्ञ. रोबोंची फुटबॉल स्पर्धा रोबोकप सुरू करणाऱ्यांपैकी ते एक. त्यांनी 2000 साली टोकियोत सिस्टिम्स बायॉलॉजीची संस्था काढली.

सिंथेटिक बायॉलॉजीत त्यापुढची पायरी येते. कळले असे वाटते ना, मग बांधून दाखवा! दुसऱ्याचा कोड समजत नसेल तर आपणही त्यातला छोटा तुकडा वेगळा काढून चालवून बघतोच की.

परीक्षानळीतले घड्याळ

नेमके हेच नागोया विद्यापीठात ताकाओ कोन्दो यांच्या गटाने 2005 साली केले. निळ्या-हिरव्या जिवाणूंमध्ये दिवस-रात्रीचे घड्याळ असते. त्यातली काय-ए, काय-बी आणि काय-सी ही तीनच प्रथिने त्यांनी परीक्षानळीत घातली आणि ऊर्जेसाठी एटीपी दिले. ना पेशी, ना जनुके, तरीही साधारण 24 तासांचे चक्र सुरू झाले! एरवी उष्णता वाढली की रासायनिक क्रिया वेग घेते, पण हे घड्याळ तापमान बदलले तरी आपली चाल फारशी बदलत नाही. असे का, हे शोधायला जीवशास्त्र, रसायन आणि गणित एकाच टेबलावर यावे लागतात.

ज्वारीतला टारफुला

दुसरे उदाहरण आपल्या शेताचे. ज्वारी-उसाच्या मुळांवर जगणारा टारफुला गावाकडच्या मंडळींना माहीत असेल. त्याच्याच जातभाईंनी आफ्रिकेत पिकांचे अतोनात नुकसान केले आहे. त्याचे बी वर्षानुवर्षे मातीत पडून राहते आणि पिकाच्या मुळातून विशिष्ट रसायन आले की मगच रुजते. ते बीला कळते कसे, हे पाहण्यासाठी नागोया विद्यापीठाच्या आयटीबीएम संस्थेतल्या रसायन आणि जीव शास्त्रज्ञांनी मिळून एक रेणू बनवला. बीतल्या ग्राहक प्रथिनाने तो तोडला की हिरवा उजेड दिसतो. हे 2015 चे काम. मग 2018 मध्ये, अत्यल्प मात्रेतही बी रुजवणारा रेणू त्यांनी जाहीर केला. पीक नसताना बी रुजले तर उपाशी मरते!

शिकवतात कसे?

2012 साली सुरू झालेल्या आयटीबीएमची गंमत तिच्या रचनेत आहे. वेगवेगळ्या गटांचे विद्यार्थी मुद्दाम एकाच मोठ्या प्रयोगशाळेत बसवलेले. शेजारी रेणू बनवणारा, पलीकडे रोपे वाढवणारा. याच धर्तीवर रसायन आणि जीवशास्त्र जोडणाऱ्या जीटीआर या डॉक्टरेट कार्यक्रमाची 2018 मध्ये जपान सरकारच्या योजनेत निवड झाली.

मात्र गैरसमज नको. यात सगळेच थोडेथोडे शिकून भागत नाही. एक विषय खोल हवा, आणि दुसऱ्या विषयाच्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलता यायला हवे. जीवशास्त्रवाल्याला प्रोग्रॅमिंग आणि समीकरणांची भीती नको, संगणकवाल्याने पिपेट हातात धरायला लाजू नये. प्रयोग फसला तर तो का फसला हे दोघांनाही कळले पाहिजे.

आपण काय करावे?

* इथे आधी प्राध्यापक, मग प्रवेश. आवडलेल्या प्रयोगशाळेचे शोधनिबंध वाचा आणि प्राध्यापकांना थोडक्यात, नेमके पत्र लिहा. शंभर जणांना एकच मेल नको!
* जपान सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी भारतातल्या दूतावासामार्फत किंवा विद्यापीठाच्या शिफारशीने अर्ज करता येतो.
* नागोया विद्यापीठाने 2011 मध्ये जी-30 हे इंग्रजीतून शिक्षण सुरू केले. तरी प्रयोगशाळेतल्या गप्पांसाठी जपानी लागतेच.
* सरकारी निधी ठरावीक वर्षांचा असतो, तेव्हा कार्यक्रम आणि शिष्यवृत्तीची ताजी स्थिती आधी विचारून घ्या.

राहिला अकरावीचा प्रश्न. आम्ही तरी आता सांगतो, जमत असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. आणि वहिनी, तुमची बायोटेकची पदवी अजिबात वाया गेलेली नाही. मेइजो लाईनवर नागोया दाइगाकु स्टेशनला उतरलात की समोर विद्यापीठच आहे. एकदा चक्कर तर मारून या!