हां, तर मी काय सांगत होतो?

साथ ओसरली, मास्क कपाटात गेले, ऑक्सिमीटरची बॅटरी कधीच उतरली. काही जणांचं डोकं मात्र अजून पूर्वीसारखं चालत नाही. वाक्य अर्ध्यावर तुटतं, गॅसवर दूध ठेवल्याचं ध्यानात राहत नाही, एक्सेलच्या रकान्यात नजर हरवते. मिळून साऱ्याला नाव पडलं ‘ब्रेन फॉग’, डोक्यातलं धुकं. या धुक्याचा अभ्यास करताना संशोधकांच्या हाती ज्या गोष्टी लागल्या, त्यातल्या काही निव्वळ चक्रावून टाकणाऱ्या आहेत.

नाकात विषाणू, खिशात पौंड

मार्च २०२१. सगळं जग विषाणूपासून पळत होतं तेव्हा लंडनमध्ये काही तरुण मंडळी तो नाकात टाकून घ्यायला रांगेत होती. इंपीरियल कॉलेजच्या पुढाकाराने रॉयल फ्री रुग्णालयात हा प्रयोग झाला. १८ ते ३० वयाचे ३६ धडधाकट स्वयंसेवक, लस न घेतलेले, आधी कोविड न झालेले. प्रत्येकाच्या नाकात मोजून मापून विषाणूचे थेंब. मोबदला सुमारे ४,५०० पौंड.

गंमत अशी की थेंब सगळ्यांना मिळाले, पण संसर्ग झाला साधारण निम्म्यांनाच. त्यामुळे तुलनेला आयते दोन गट तयार झाले. दोन्ही गटांच्या स्मरणशक्तीच्या आणि विचारशक्तीच्या चाचण्या आधी, आजारपणात आणि पुढे वर्षभर घेतल्या गेल्या. संसर्ग झालेल्यांचे गुण थोडे घसरले, आणि तो फरक वर्षभर टिकला. त्यांचा आजार होता अगदी किरकोळ, सर्दीपडशासारखा.

खरी मेख पुढे आहे. विस्मरण होतंय, लक्ष लागत नाही अशी तक्रार त्यांच्यापैकी एकानेही केली नाही! चाचणी सांगत होती घसरण झाली. माणूस म्हणत होता, मी मजेत. गट छोटा होता, फरकही छोटा, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण ‘मला काही झालं नाही’ या आपल्या ठाम विधानावर किती भिस्त ठेवायची, हा प्रश्न उरतोच.

त्याच रुग्णालयाची जुनी फाइल

योगायोग बघा. या रॉयल फ्री रुग्णालयाचं नाव वैद्यकाच्या इतिहासात आधीच नोंदलं गेलं होतं, आणि तेही एका गूढ थकव्यापायी. १९५५ च्या उन्हाळ्यात तिथल्या कर्मचाऱ्यांमध्ये एक चमत्कारिक साथ पसरली. अंगदुखी, कमालीचा थकवा, हातापायांत अशक्तपणा, एकाग्रतेचा बोऱ्या. २९२ कर्मचारी आजारी पडले आणि रुग्णालय २५ जुलै ते ५ ऑक्टोबर चक्क बंद ठेवावं लागलं. विशेष म्हणजे आधीपासून तिथे दाखल असलेल्या रुग्णांना याची फारशी बाधा झालीच नाही. झोपले ते डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी.

पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, मॅकएव्हेडी आणि बिअर्ड या दोन मनोविकारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रं चाळली आणि निकाल देऊन टाकला: हा सामूहिक उन्माद. रुग्णांना तपासायचीही गरज त्यांना वाटली नाही. त्यांच्या कारणांपैकी एक असं, की आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या. (एवढ्यावर निदान होत असेल तर आपल्याकडच्या निम्म्या ओपीडी उद्याच बंद करता येतील.) पुढची कित्येक वर्षं दीर्घ थकव्याच्या रुग्णांच्या कपाळी हाच शिक्का राहिला.

म्हणजे एकाच रुग्णालयाच्या नावावर दोन उलट्या गोष्टी जमा आहेत. एकदा माणसं जीव तोडून सांगत होती आणि ऐकणाऱ्यांचा विश्वास बसत नव्हता. दुसऱ्यांदा चाचण्या सांगत होत्या आणि माणसांना पत्ता नव्हता.

बारसं केलं पुरातत्त्वज्ञाने

‘लाँग कोविड’ हे नाव जागतिक आरोग्य संघटनेने ठेवलं नाही, कुठल्या डॉक्टरनेही नाही. इटलीतल्या लोम्बार्डीच्या एलिसा पेरेगो यांनी मे २०२०मध्ये ट्विटरवर हा हॅशटॅग वापरला. त्या पुरातत्त्वज्ञ; शास्त्र उत्खननाचं, आजार स्वतःचा! सौम्य कोविड दोन आठवड्यांत बरा होतो, असं तेव्हा पुस्तकी उत्तर होतं. पेरेगो आणि त्यांच्यासारखे हजारो लोक बरे होत नव्हते.

मग रुग्णांनीच संशोधन हाती घेतलं. स्वतः लाँग कोविडने बेजार असलेल्या काही जणांनी ५६ देशांतल्या ३,७६२ रुग्णांची पाहणी केली आणि २०२१मध्ये ती प्रसिद्ध केली. लक्षणांची यादी २०३ वर गेली! त्यात सुमारे ८८ टक्के लोकांनी स्मरण किंवा विचार करण्यातल्या अडचणी सांगितल्या, आणि विशीतल्यांतही हे प्रमाण साठीतल्यांइतकंच होतं. ऑनलाइन पाहणी होती, त्रास असलेलेच लोक भरणार, हे धरून वाचायला हवं. पण वाक्याच्या मध्यातच शब्द निसटणाऱ्या माणसांनी एवढा मोठा अभ्यास तडीस नेला, याला मी तरी टोपी काढून सलाम करतो.

जागतिक आरोग्य संघटनेची अधिकृत व्याख्या आली ऑक्टोबर २०२१मध्ये. नाव ठेवलं भारदस्त, ‘पोस्ट कोविड-१९ कंडिशन’. बोलण्यात कोणी वापरत नाही.

तीनचा पाढा

फेब्रुवारी २०२४मध्ये इंग्लंडमधला एक दांडगा अभ्यास प्रसिद्ध झाला. १,१२,९६४ लोकांनी घरबसल्या ऑनलाइन चाचण्या सोडवल्या. कोविड न झालेल्यांशी तुलना केल्यावर आकडे आले ते असे: कोविड होऊन बरे झालेले सरासरी ३ बुद्ध्यंक गुणांनी मागे, लक्षणं अजून रेंगाळलेले ६ गुणांनी, अतिदक्षता विभागात राहून आलेले ९ गुणांनी.

तीन गुण म्हणजे फार नाहीत. रात्री झोप झाली नाही तरी चाचणीत माणूस मागे पडतो. शिवाय या सरासऱ्या आहेत, तुमच्या-आमच्या प्रगतिपुस्तकातले शेरे नव्हेत. त्याच अभ्यासात एक दिलासाही आहे, बातम्यांत तो बहुधा सुटला. ज्यांची लक्षणं अनेक महिने टिकली पण शेवटी गेली, त्यांचे गुण झटपट बरे झालेल्यांइतकेच निघाले. म्हणजे लांबलेला त्रास ओसरला की सहावरून तिनावर येता येतं. सुरुवातीच्या मूळ विषाणूने केलेली घट जास्त होती, ओमायक्रॉनच्या काळातली कमी.

लाल वर्तुळ दिसलं की बटण दाबा

एवढीच परीक्षा. आठवायचं काही नाही, गणित नाही, कोडं नाही. पडद्यावर लाल वर्तुळ उमटलं की कळफलकाची लांब पट्टी दाबायची. जर्मनीतल्या येना आणि इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या दवाखान्यांतल्या लाँग कोविडच्या रुग्णांना ही चाचणी दिली, तेव्हा निम्म्याहून अधिक जण निरोगी लोकांच्या सरासरीपेक्षा लक्षणीय मंद ठरले. चाचणी इतकी स्वस्त आणि सोपी की जिल्हा रुग्णालयातल्या जुन्या संगणकावरही व्हावी.

विषाणू छातीत, गोंधळ डोक्यात

आता सगळ्यात रंजक भाग: हे होतं कसं?

पहिला अंदाज साहजिक होता, विषाणू मेंदूत शिरत असणार. पण स्टॅनफर्डच्या मिशेल मोन्जे आणि येलच्या अकिको इवासाकी यांनी २०२२मध्ये उंदरांवर एक चलाख प्रयोग प्रसिद्ध केला. विषाणूला फक्त श्वासनलिका आणि फुप्फुसातच थारा मिळेल अशी सोय केली. उंदरांचा आजार सौम्य, आठवड्याभरात खलास. मेंदूत विषाणू नाहीच. तरीही मेंदूतल्या साफसफाई करणाऱ्या पेशी, मायक्रोग्लिया, खवळल्या आणि कित्येक आठवडे खवळलेल्याच राहिल्या. मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण कमी झालं. छातीतल्या भांडणाची खबर मेंदूपर्यंत पोहोचली ती रक्तातून फिरणाऱ्या सीसीएल-११ सारख्या रसायनांमार्फत.

मोन्जे मुळात लहान मुलांच्या मेंदूच्या कर्करोगाच्या डॉक्टर. किमोथेरपीनंतर रुग्णांना येणारा विसराळूपणा हा त्यांचा जुना विषय. उंदरांच्या मेंदूत दिसलेलं चित्र त्यांना ओळखीचं वाटलं ते त्यामुळेच. कर्करोगाची वाट चालता चालता कोविडचा धागा सापडला.

दुसरा धागा थेट पोटातून निघतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने २०२३मध्ये मांडलं की काहींच्या आतड्यात विषाणूचे अवशेष रेंगाळतात, त्यामुळे दाह चालू राहतो, आणि अन्नातलं ट्रिप्टोफॅन नीट शोषलं जात नाही. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनतं, आणि शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यातच तयार होतं. ते घटलं की आतड्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नसेचं काम मंदावतं, आणि स्मृतीचं केंद्र असलेला हिप्पोकॅम्पस ढेपाळतो. निदान उंदरांत तरी ही साखळी अशी जुळली. (सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्या आपल्या आपण सुरू करायला हा पुरावा नाही, हे आपल्याकडच्या स्वयंघोषित वैद्यांसाठी.)

तिसरा डब्लिनचा. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती रक्तातल्या वाट्टेल त्या गोष्टीला आत सोडत नाहीत. ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२४मध्ये दाखवलं की ब्रेन फॉग असलेल्या रुग्णांत या भिंती पावसाळ्यातल्या जुन्या घरासारख्या पाझरतात. लाँग कोविड आहे पण धुकं नाही, अशा रुग्णांत हा पाझर तसा दिसला नाही. धुकं स्कॅनवर दिसू लागलं, ते असं.

आणि चौथा रक्ताच्या गुठळ्यांचा. ब्रिटनमध्ये कोविडने दाखल झालेल्या १,८३७ रुग्णांचं दाखल असतानाचं रक्त आणि पुढच्या वर्षभरातली स्मरणशक्ती ताडून पाहिली. रक्त गोठवणारं प्रथिन फायब्रिनोजेन जास्त असलेल्यांचे चाचणीतलेही गुण कमी आले आणि स्वतःच्या तक्रारीही होत्या. गुठळ्यांची खूण मानलं जाणारं डी-डायमर जास्त असलेल्यांच्या तक्रारी मात्र ठळक होत्या, नोकरीवरही परिणाम होता, त्यात थकवा आणि धाप यांचा वाटा होता. २०२१च्या एप्रिलमध्ये आपल्या घराघरांत डी-डायमरचा आकडा शेअर बाजारासारखा पाहिला जात होता. पुढच्या वर्षीच्या विसराळूपणाचीही खूण त्यात असू शकेल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात होतं?

यातलं नेमकं खरं कुठलं? बहुधा एकच एक कारण नाही. वेगवेगळ्या माणसांत वेगवेगळी यंत्रणा बिघडत असावी, आणि म्हणूनच सगळ्यांना एक गोळी लागू पडत नाही.

कोविड न होताही

एक्सेटर विद्यापीठाच्या गटाने पन्नाशीपुढच्या तीन हजारांवर लोकांच्या चाचण्या तपासल्या. साथीच्या पहिल्या वर्षात स्मरणशक्तीची घसरण वेगाने झाली होती, आणि ज्यांना कोविड झालाच नाही त्यांचीही! घरात कोंडून घेणं, एकटेपणा, चालणं-फिरणं बंद, दारूचा वाढता पेला. तेव्हा प्रत्येक विसरलेल्या किल्लीचं खापर विषाणूवर फोडता येत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वीची तक्रार

१८८९पासून जगभर फिरलेल्या ‘रशियन फ्लू’नंतरही हेच रडगाणं होतं. स्त्रियांच्या हक्कांसाठी लढलेल्या ब्रिटनच्या जोसेफिन बटलर यांनी १८९२मध्ये पत्रात लिहून ठेवलं की अर्धा तास वाचलं-लिहिलं तरी आडवं व्हावं लागतं. ती साथ इन्फ्लुएन्झाची नसून कोरोना कुळातल्याच एका विषाणूची असावी, असाही काही शास्त्रज्ञांचा कयास आहे. सिद्ध झालेला नाही, पण मोह पडावा असा आहे.

पुण्याचा आकडा आणि डोक्याची तालीम

मेंदूची तालीम घेणारी अ‍ॅप विकत घ्यायच्या बेतात असाल तर थांबा. अमेरिकेत लाँग कोविडच्या रुग्णांवर याची रीतसर चाचणी झाली. मेंदूचे ऑनलाइन व्यायाम, त्यांच्या जोडीला समुपदेशन, डोक्याला सौम्य विजेचा प्रवाह, असं बरंच काही करून पाहिलं. तुलनेसाठी एका गटाला साधी कोडी आणि संगणकावरचे खेळ दिले. खास उपचारवाले त्यांच्या पुढे गेले नाहीत. भेंड्या आणि शब्दकोडं खेळणाऱ्या आजोबांनी हे वाचून मिशीत हसायला हरकत नाही.

अ‍ॅपच्या नादी लागण्याआधी एक साधी रक्ततपासणी मात्र करून घ्यावी. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि मध्यमवर्गीय वस्ती अशा तिन्हींतल्या मध्यमवयीन पुरुषांचं बी-१२ मोजलं होतं. ६७ टक्क्यांचं कमी भरलं. ही कोविडच्या कितीतरी आधीची, २००६ची गोष्ट. बी-१२ची कमतरता, मंदावलेलं थायरॉइड, रात्रीची घोरघोर आणि तुटकी झोप हेही डोकं असंच जड करतात, आणि यांच्यावर इलाज आहे. डॉक्टरांकडे जाताना काय काय होतंय ते चिठ्ठीवर लिहून न्या. आत गेल्यावर आठवेल या भरवशावर राहू नका. आणि जमलं तर घरातल्या कुणाला तरी सोबत न्या. तुमच्या नजरेतून सुटलेलं त्यांनी टिपलेलं असेल.